मिशांचा कोळी

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या तळहातावर एक बारका कोळी निपचित पडला आहे आणि तो मेलाय की सोंग करतोय, हे बघायला तुम्ही श्वास रोखून बसला आहात. परंडा तालुक्यातल्या एका गावात, शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या गोदामाच्या दारात, नऊ वर्षांची अयोध्या अशीच बसली होती. त्र्याहत्तर सालचा, दुष्काळातला उन्हाळा. विहिरी कधीच्या आटलेल्या.

गोदामाची झाडलोट, पाखडणं, पोत्यांना ऊन दाखवणं, सगळं तिची आजी कडूबाई करायची. लोक रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी खात, पण आतल्या सहा पोत्यांना कुणी हात लावत नसे. ती बियाण्याची, दगडी जातीची ज्वारी होती आणि गावात तेवढंच बी उरलं होतं. कडूबाईचा नेम असा, की गोदामात कोळी मारायचा नाही. कोळी किडे खातो, म्हणजे तो आपलाच राखणदार. यंदा पोत्यांवर काकवीच्या थेंबांसारखे तांबूस, चकचकीत कोळी झाले, तेव्हा ती खूशच झाली होती.

अयोध्येच्या तळहातावरचा थेंब हळूच चालू लागला.

"आज्जे, ह्यो कोळी न्हाय. पुढचं दोन पाय हाताला टेकतच न्हाईत. मिशा हायत्या त्या."

"कोळ्याला कुठल्या गं मिशा?"

"तेच तर म्हंते म्या. मिशा किड्याला असत्यात."

कडूबाईने सूप खाली ठेवलं आणि एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. हात पिठाने माखून बाहेर आला. दाणे पोकळ झाले होते.

गप्प राहिली असती, तर पेरणीपर्यंत कुणाला कळलं नसतं. ती उठली आणि चेअरमन आण्णासाहेबांना स्वतः बोलावून आणलं. त्यांनी पोती पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"कडूबाई, चोरालाच पाव्हणा केला की तुमी."

"व्हय, म्या केला. पर आदी बी किती जितं हाय त्ये बघू. मग काय बोलायचं त्ये बोला."

बघायची रीत सोपी होती. प्रत्येक पोत्यातले मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधायचे आणि मोडाची वाट बघायची. कडूबाईने फडकं अंथरलं, दाणे मांडले आणि तशीच बसून राहिली. टँकर परवा येणार होता. घरच्या घागरीत सकाळीच खडखडाट होता.

अयोध्येने कोपऱ्यातला आपल्या वाटणीच्या पाण्याचा तांब्या उचलला. दोन घोट ती प्यायली. उरलेलं पाणी तिने थेंबही बाहेर न सांडता फडक्यावर ओतलं.