अर्थ न बदलता

इंग्रजीचे सर म्हणजे मोठी असामी! कुठलंही वाक्य द्या, अर्थाला धक्का न लावता त्याचा प्रश्न करतील, उद्गार करतील, नकार करतील. घरात मात्र त्यांना एकच प्रकार येई, आज्ञार्थी. चहा आण. पंखा लाव. गप्प बस. त्या सकाळी म्हणाले, "ऊठ, क्लासची पोरं आलीत, दार उघड." बायकोनं दार उघडलं आणि त्याच दारानं बाहेर पडून तडक बहिणीकडे गेली.

चार दिवस सर ताठ राहिले. पाचव्या दिवशी दुसऱ्यांदा दूध उतू गेलं, तेव्हा नरमले.

"आईला मेसेज करा, बाबा," लेक म्हणाली. "आणि जरा नीट."

सरांनी लिहिलं, 'ताबडतोब ये.'

"बाबा!"

"बरं, प्रश्नार्थक करतो." 'ताबडतोब यायला काय होतं?'

लेकीनं कपाळावर हात मारला. मग उद्गारार्थी आलं, 'किती हा हट्टीपणा!' मागोमाग नकारार्थी, 'आता एक दिवसही उशीर चालणार नाही.' सर स्वतःवर खूश. अर्थ तसूभर हलला नव्हता.

"अहो बाबा, अर्थच तर बदलायचाय!"

सर बावचळले. असला प्रश्न परीक्षेत कधी आलाच नव्हता. मग एका बोटानं चाचपडत लिहिलं, 'घरात करमत नाही.' वाचून कानापर्यंत लाल झाले. खोडणार तोच लेकीनं फोन हिसकावला आणि मेसेज पाठवून मोकळी झाली.

लगेच फोन आला.

"हे कोणी लिहून दिलं?" बायकोनं विचारलं.

"मीच लिहिलंय."

"मग तोंडानं म्हणा."

बाहेरच्या खोलीत क्लासची पोरं कान टवकारून बसलेली. जन्मभर दुसऱ्यांकडून वाक्यं घोकून घेणाऱ्या माणसाची जीभ टाळूला चिकटली. लेक हातवारे करून थकली. शेवटी सर डोळे मिटून म्हणाले, "तुझ्याशिवाय करमत नाही गं मला."

झालं, जिंकलो, असंच त्यांना वाटलं. आता म्हणेल, निघालेच.

"बरं," ती म्हणाली. "ताप उतरला की बघते."

"ताप? तुला? कधीपासून?"

"निघायच्या आदल्या रात्रीपासून. हुडहुडी भरलेली, तुमच्या शेजारीच पडले होते."

सरांना त्या सकाळचं आपलं 'ऊठ' आठवलं. तिनं फोन ठेवल्याचं कळलं, तरी ते तो कानाला लावून तसेच उभे राहिले.