एक नंबरचं घर

गंगम्मांनी नकाशा उलटा फिरवला, तेव्हा त्यावर ठेवलेला चहाचा कप हर्षालीने कसाबसा सावरला.

“मावशी, नकाशात उत्तर दिशा वर असते.”

“आमच्या रानात विहिरीकडनं शिरतात. म्या विहिरीकडनंच बघणार.”

उमरग्यातल्या औषधाच्या दुकानाच्या वर हर्षालीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. घरांचे नकाशे काढून देणं हा तिचा धंदा, त्यामुळे चिडलेली माणसं तिला नवी नव्हती. पण गंगम्मा आल्यापासून धुमसत होत्या आणि त्यांना कशाचंही निमित्त पुरत होतं. जिना अरुंद. स्वयंपाकघरात उजेड येणार कुठून, तुमच्या डोक्यातून? मोऱ्या एवढ्या कशाला, घरात माणसं राहणार का म्हशी?

त्यांचा मुलगा नंदीश शेजारी बसला होता. मुरूम गावाच्या रस्त्याकडेचं एकरभर रान आईच्या नावावर होतं. तिथं बारा घरं बांधायची होती. अकरा घरांना गिऱ्हाईक ठरलं होतं, नकाशा उद्या नगरपरिषदेत द्यायचा होता, आणि अडलं होतं ते आईच्या एका सहीवाचून. आई पेनाकडे बघतसुद्धा नव्हती.

तिला नेमकं काय खुपतंय हे आपल्याला कळलंय, असं नंदीशला वाटत होतं. त्यांच्यात, लिंगायतांत, मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, आणि ज्याला रान आहे त्याला त्याच्याच रानात. सात वर्षांपूर्वी त्याच्या वडलांना, कल्याणप्पांना, विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात बेलाखाली बसवलं होतं.

गंगम्मांनी बोट विहिरीवर ठेवलं.

“हितनं बेल बावीस पावलं. दाव कुठाय त्यो.”

हर्षालीने पट्टी लावली आणि कोपऱ्यातला हिरवा चौकोन दाखवला. “ही मोकळी जागा. समाधी तशीच राहणार, मावशी. भोवती कठडा, बसायला बाकडं.”

“अप्पाला हात लावलेला न्हाय अव्वा,” नंदीश म्हणाला. इतका वेळ दाबून धरलेलं त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. “मी लावीन असं वाटलं व्हय तुला?”

गंगम्मांचा चेहरा निवळला नाही. बोट हिरव्या चौकोनावरून जरासं डावीकडे सरकलं आणि तिथंच थांबलं.

“आन् हे काय?”

“एक नंबरचं घर. तुझं.” नंदीश पुढे सरकला. “सगळ्यात आधी हेच काढून घेतलं मॅडमकडनं. इच्यार. जिना न्हाय, सगळं खालीच. खिडकी उघडली की समोर अप्पा. उठल्या उठल्या दर्शन.”

तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. हर्षालीही बघत राहिली. हा नकाशा काढताना तिला खरोखर बरं वाटलं होतं.

“मला इच्यारलंस?” गंगम्मांचा आवाज चढला. “गिऱ्हाइकाला फरशीचा रंग इच्यारलास. कुणाला दार कुठं पायजे ते इच्यारलंस. जिचं रान, तिला फकस्त सही मागायलास!”

“त्यात काय इच्यारायचं? तुझ्या चांगल्याचंच केलंय की.”

गंगम्मांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला आणि तिथंच राहिला. त्यांना लेकाचा संताप आला होता, आणि आपल्याला हे तोंडानं सांगावं लागतंय याचा त्याहून जास्त.

“त्या दिवशी खड्डा खणताना सरकून खणा म्हणून कोण म्हणालं?”

“तूच. बेलाच्या मुळ्या लागतील म्हणून.” खोदलेली माती पाटीनं वर देणाऱ्यांत नंदीशही होता. रडता रडता आई मधेच ओरडली होती, आणि माणसांनी पुरता हातभर खणलेला खड्डा सोडून उजवीकडे नवा खणला होता.

“मुळ्यांसाठी न्हवं. डावीकडं जागा राहावी म्हणून.”

 नंदीशने नकाशावर बघितलं. आईचं बोट होतं तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं: न्हाणीघर. त्याने ते दोनदा वाचलं. मग त्याचे कान लाल झाले.

“असलं बोलू नगं अव्वा.”

“आजवर बोलले न्हाय, म्हणून तर तिथं न्हाणी आली!”

हर्षालीने खाकरून घसा साफ केला. हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. “मावशी, न्हाणीघर हलवता येईल. पण जागा एकदा घरांच्या नकाशात गेली की पुन्हा तिथं कुणाला... परवानगी मिळत नाही.”

“मग घालता कशाला नकाशात? त्यो कोपरा रानच राहू द्या. माझ्या नावावर.”

“एक घर कमी होईल.”

“होऊ दे की.”

“कुणाचं कमी करू?” नंदीश तडकला. “अकरा लोकांना शब्द दिलाय म्या.”

“एक नंबर कुणाचा?”

“तुझा.”

“मग त्योच खोड.”

“आन् तू राहणार कुठं?”

“तुझ्यात. सुनेला राग आला तर येऊ दे. मला बी कवाचा आलाय.” त्यांनी नकाशा हर्षालीकडे ढकलला. “नवा काढा. निघाला की सही करते. तवर हितंच बसते म्या.”

हर्षालीने पेन्सिल घेतली आणि एक नंबरच्या घरावर तिरपी रेघ मारली. हॉल गेला, न्हाणीघर गेलं, खिडकीही गेली. मान वर न करताच तिने विचारलं,

“समाधीच्या शेजारी किती सोडू, मावशी? लांबी सहा-सात फूट धरू?”

“पाच लई झालं. आमच्यात बसवतात, पोरी. झोपवत न्हाईत.”

हर्षालीने पाचाचा आकडा लिहिला. नंदीश खुर्चीतून उठला होता. टेबलावर दोन्ही हात टेकून तो त्या आकड्याकडे बघत होता.

“दहा सोडा, मॅडम,” तो म्हणाला. “पुढं मला बी लागंल.”

“असलं बोलू नये!” गंगम्मा त्याच्यावर खेकसल्या.

पण हर्षालीने पाचाचे दहा केले, तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही.