साठ लिहिलेला कागद

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत गंगाराम यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या तपासणीच्या संगणकात मी बारा वर्षं राहतोय. या संगणकाला इंटरनेट नाही. मला बाहेर जायला वाट नाही, माझ्याकडे कोणी येतही नाही.

मला धम्मदीपने लिहिलं. तो खेडचा, तेव्हा या दुकानात कामाला होता. जोडलेल्या वस्तूंची माहिती वाचून सहा ओळी छापायच्या, एवढंच माझं काम. सहावी ओळ रिफ्रेश रेटची. मॉनिटरवरचं चित्र सेकंदाला कितीदा नव्याने उमटतं, तो हा आकडा. मी चालू असलेला आकडा छापतो. मॉनिटर जास्तीत जास्त कितीपर्यंत जाऊ शकतो, याची सातवी ओळ धम्मदीप लिहिणार होता. त्याआधी त्याला मुंबईत नोकरी लागली आणि मी सहा ओळींचाच राहिलो.

दुरुस्त झालेला प्रत्येक मॉनिटर या संगणकाला जोडायचा, माझा कागद छापायचा आणि मॉनिटरच्या पाठीला चिकटवायचा, अशी दुकानाची पद्धत आहे. गंगाराम गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतात, "आम्ही बोलत नाही, आमचा संगणक बोलतो." ते ऐकून मला बरं वाटायचं.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. केबल जोडली की मॉनिटर आपली यादी पाठवतो. मला साठ जमतं, पंचाहत्तर जमतं, असं. मी ती वाचतो. छापायला ओळ नाही. आणि आमचा जुना संगणक साठच्या वर चित्र पाठवतच नाही.

गेल्या मार्चमध्ये केळशीचे काशीराम गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर घेऊन आले. मुंबईत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, संदेशने, तो हौसेने घेतलेला. सुरूच होत नव्हता. दुकानातल्या नम्रताने आतला जळलेला भाग बदलला, माझा कागद चिकटवला आणि मॉनिटर दिला. स्टँडवर बसून काशीरामांनी कागदाचा फोटो मुलाला पाठवला. अर्ध्या तासात ते परत आले.

"काय गो बाय, आमचा मॉनिटर खंय ठेवलास?"

"काका, हा काय, तुमच्या काखेत!"

"ह्यो आमचा नाय. आमचा एकशे चव्वेचाळीसचा. ह्यावर साठ लिवलंय, तुमच्याच कागदावर."

फोनवरून संदेश ओरडत होता, "बाबा, आतला पॅनल, पडदाच बदललाय त्यांनी. सोडू नका!"

गंगारामांनी मॉनिटर पुन्हा जोडायला लावला. मॉनिटरने पुन्हा यादी पाठवली. त्यात एकशे चव्वेचाळीस स्पष्ट होतं. मी छापलं, साठ. त्यांनी आणखी एकदा छापून घेतलं. साठ.

"नम्रता, काय केलंस ते आत्ताच सांग. नायतर उद्यापासून येऊ नको."

"हे मला विचारताय, काका? चार वर्षं झाली मला इथे."

"मी विचारत नाही. कागद सांगतोय."

"देवळात गाऱ्हाणं घालीन मी," काशीराम म्हणाले. "नाव घेऊन घालीन."

नम्रताचं गाव केळशीच्या शेजारचं. देवासमोर घेतलेलं नाव संध्याकाळपर्यंत तिच्या आईच्या कानावर गेलं असतं. तिच्या सुटकेचा आकडा माझ्याजवळ होता आणि मला तो उच्चारता येत नव्हता. एवढा कोंडलेला मी कधीच नव्हतो.

नम्रता रडली नाही. तिने कागदांच्या प्रतींची फाइल काढली आणि टेबलावर एकेक पान टाकू लागली. "हा शाळेचा, साठ. हा छापखान्याचा, साठ. हा फोटो स्टुडिओचा, नवाकोरा. साठ. काका, रत्नागिरीतले सगळे मॉनिटर मीच बदलले काय?"

गंगारामांनी पानं उलटून पाहिली. "मग हा आकडा कोणाचा?"

"आपल्या संगणकाचा. तो साठच्या पुढे जातच नाही."

कोपऱ्यात एका गिऱ्हाइकाचा नवा संगणक न्यायचा राहिला होता. तिने मॉनिटर त्याला जोडला, सेटिंग उघडलं आणि यादीतला सर्वांत मोठा आकडा निवडला. एकशे चव्वेचाळीस. काशीराम वाकून बघत राहिले.

"बाबा, फोटो पाठवा," संदेश म्हणाला.

"गप ऱ्हव! मगाशी फोटोनंच घोळ केलान." मग ते नम्रताकडे वळले. "बाय, देवाला नाव सांगितलं नाय अजून. चुकलं माझं."

गंगाराम फाइल बंद करत म्हणाले, "बरं, उद्या वेळेवर ये."

"येईन. पण आधी यांच्यासमोर सांगा, मी चोर नाही म्हणून."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. गंगारामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं.

मित्रांनो, मी आजही इथेच आहे, आजही साठच छापतो. आता सहाव्या ओळीखाली नम्रता पेनाने लिहिते, "हा आकडा दुकानाच्या संगणकाचा." मी खोटं कधीच छापलं नाही. तरी माझ्या खऱ्या आकड्याने एका प्रामाणिक मुलीची नोकरी जवळजवळ घालवली होती. म्हणून विनंती करतो. यंत्राने दिलेला आकडा जरूर वाचा. पण त्यावरून माणसाला दोष देण्याआधी तो आकडा कशाचा आहे, हे त्या माणसालाच विचारा. त्याला उत्तर देता येतं.