वासराची घंटा

तपासनीस बाईंचा धाक असा, की त्या येणार म्हटलं की बालवर्गातलं बंद पडलेलं घड्याळसुद्धा दोन मिनिटं चालून दाखवायचं. खोटं वाटत असेल तर पोरांना विचारा, शपथेवर सांगतील.

कार्यक्रम साधाच होता. दर सोमवारी प्रत्येक पोरानं चित्रांचं पुस्तक घरी न्यायचं, घरच्यांनी वाचून दाखवायचं, पुढच्या सोमवारी परत. वर्ष संपलं, आणि सगळं ठरल्या वेळी झालं का ते बघायला बाई आल्या.

"एकूण एक पुस्तक वर्षाच्या आत परत आलं, मॅडम," वर्गाची ताई म्हणाली.

"मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?"

"भिंगरीच्या घरी एक अडकलं होतं. महिना झाला तरी येईना. तुमचा फोन आला, उद्याच्या उद्या आणा म्हणून. मग मीच जाऊन घेऊन आले."

"छान केलंत की."

ताईनं नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एरवी जागेवर न ठरणारी भिंगरी भिंतीला टेकून गप्प बसली होती.

"काय गं, पुस्तक नको?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही परत नेता."

वर्ग सुटल्यावर ताई बाईंना भिंगरीच्या घरी घेऊन गेली. आजी शेंगा सोलत होती.

"फोनवाल्या त्या तुम्हीच का? बसा. आमचे हे गवंडी. गावभर भिंती उभ्या केल्या, पण अक्षराशी ओळख नाही. नातीपायी म्हातारपणी शिकायला बसले. एका पानाला आठवडा जायचा. हे अक्षर लावायचे, ती चित्र बघून म्हणायची, चुकलात आजोबा. वासराची घंटा हरवली, इथवर आले होते. दोन पानं राहिली नि पुस्तक गेलं."

"पुन्हा मागायचं होतं, आजी."

"मागणार होते. तेवढ्यात ह्यांना दवाखाना लागला. तिथं मला विचारतात, अगं, घंटा सापडली असेल का? जन्मभर त्यांना थापा मारल्या मी, पण तेव्हा सापडली म्हणायला जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी गेले."

बाई चाचरल्या. "इतकी घरं आहेत, आजी. वेळ पाळायला नको का?"

"पाळा की. पण बाकीची पुस्तकं कधी उघडून बघितलीत? भिंगरीला न्यायला येते तेव्हा बघते मी, कोरी करकरीत गेली, तशीच आली. सिमेंटच्या बोटांनी मळलेलं आमचं एकटंच."

बाईंच्या डोळ्यांपुढे वर्गातलं कपाट आलं. चकचकीत पुस्तकं, एकही पान दुमडलेलं नाही. अरे देवा! जिथं खरंच वाचन चाललं होतं, नेमकं त्याच घरातलं आपण थांबवलं!

दुसऱ्या दिवशी त्या ते मळलेलं पुस्तक घेऊन भिंगरीच्या घरी आल्या. भिंगरी हळूच जवळ सरकली. बाई भराभर वाचायला लागल्या, तशी तिनं पानावर तळवा ठेवला.

"असं नाही. आजोबांसारखं."

मग बाईंनी एकेक अक्षर लावत वाचलं. घंटा सापडली. भिंगरी हसली नाही.

"आता आजोबांना कोण सांगणार?"



बाईंनी अहवालात लिहिलं: कार्यक्रम वेळेत झाला, पण वाचन झालं नाही. यापुढे वाचून संपेल तेव्हाच पुस्तक परत घ्यावं.

मंडळी, काम वेळेवर झालं का, हे जरूर विचारा. पण ज्याच्यासाठी केलं त्याला काय मिळालं, हे आधी विचारा. उशिरा आलेलं पुस्तक कपाटात जागेवर लागतं. भिंगरीच्या आजोबांची ती दोन पानं मात्र राहिली ती राहिलीच.