बोटवाल्या अँगसची पुण्यतिथी

केप ब्रेटन बेटावरच्या या गावात दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी अँगस मॅकनीललाच लागायचा. त्यामुळे इथे खऱ्या नावाला कुत्रं विचारत नाही, माणूस ओळखला जातो तो टोपणनावाने. रेडिओवर रोज सकाळी ‘आजचा दिवस’ सांगणाऱ्या एफी गिलिसला हे शिकवायची गरज नव्हती, आणि नेमकं तेच तिच्या अंगाशी आलं.

तारीख तेवीस फेब्रुवारी. आजच्याच दिवशी बॅडेकच्या गोठलेल्या सरोवरावरून देशातलं पहिलं विमान उडालं, हे तिने दरवर्षीप्रमाणे अभिमानाने सांगितलं. मग एका नटाचा वाढदिवस उरकला. शेवटी कागदावर होतं, ‘फिडलवादक अँगस मॅकनील यांची पुण्यतिथी’. आता नुसत्या नावावरून लोकांना काय बोध होणार? रोज तेच ते बोलणाऱ्याचं तोंड चालू असतं आणि डोकं चहाच्या कपात. कपाटातून काढलेल्या टेपवरचं टोपणनाव बघून एफी बोलून गेली, "म्हणजे आपला बोटवाला अँगस हो! असा हात पुन्हा होणे नाही." आणि तिने टेप लावली.

धून अर्धी वाजली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. गेला होता तो पाववाला अँगस. बोटवाला अजून होता. महिन्यापूर्वीच हृदयाच्या झटक्यातून उठून घरी आला होता आणि याला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रेडिओ लावल्याशिवाय त्या म्हाताऱ्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

तिने लगेच माफी मागितली, पण सुटलेला शब्द परत येतो थोडाच! तिने त्याच्या घरी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. लहानपणी याच माणसाने तिची बोटं धरून फिडलवर ठेवली होती. बायको गेल्यापासून तो घरात एकटाच असे. एफीने उरलेला कार्यक्रम गाण्यांवर सोडला आणि गाडी काढली.

वळणावर येताच तिने ब्रेक दाबला. अँगसच्या घरापुढे बर्फात गाड्यांची रांग लागली होती. कामाच्या दिवशी, भर सकाळी, एका घरापुढे इतक्या गाड्या लागण्याचा या गावात एकच अर्थ होतो. शेजारची सेडी झाकलेलं भांडं घेऊन दारात शिरत होती.

"सेडी, कधी झालं गं?" एफीने विचारलं.

सेडीने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "आत जा. तुझीच वाट बघतायत सगळे."

आत स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. टेबलावर मयताच्या घरी नेतात तसली भांडीच भांडी, आणि त्यांच्यामागे हातात चमचा घेऊन बसलेला स्वतः बोटवाला अँगस.

"आलीस? माझ्या मयताला यायला एवढा उशीर?" तो म्हणाला. "बटाटे संपले बघ."

सगळे फिदीफिदी हसले. रेडिओ ऐकून अख्खं गाव चेष्टा करायला जेवणं घेऊन लोटलं होतं.

"अहो, पण फोन का लागत नव्हता तुमचा?"

"काढून ठेवलाय. जो तो विचारतोय, वर हवा कशी आहे म्हणून. मेलेल्याने किती जणांशी बोलायचं?"

एफी हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. साधंसुधं नव्हे, लहान पोर हंबरडा फोडतं तसं. सुटल्याचा आनंद इतका मोठा होता की तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. "मला वाटलं, मीच मारलं तुम्हाला," ती हुंदके देत म्हणाली.

अँगसने चमचा खाली ठेवला आणि तिचा हात धरला.

"रड, पोरी, पोटभर रड," तो म्हणाला. "मूल ना बाळ. महिनाभर खाटेवर पडून एकच विचार करत होतो, आपल्यामागे रडणार कोण? आता डोळ्यांनी बघितलं. सुटलो बघ मी."