लेकीच्या घरचं पाणी

गहिनीनाथ दर सहा महिन्यांनी खर्ड्याहून लेकीला भेटायला भिंगारला येत आणि तिच्या घरचं पाणीही न पिता परत जात. चांगुणाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून ते भाकरी फडक्यात बांधून आणत, तहान लागली तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळावर ओंजळीनं पाणी पीत आणि तीनची एसटी धरत.

बाहत्तर सालच्या जानेवारीत ते असेच आले. हुलग्याची पुरचुंडी तिच्या हाती देऊन बसतात न बसतात, तोच गल्लीत शिट्ट्या वाजल्या. खुनाच्या खटल्यातला एक कैदी कोर्टात नेताना पळाला होता आणि भिंगारच्या बोळांत शिरला होता. भोंगा लावलेली जीप फिरू लागली. कुणीही घराबाहेर पडायचं नाही, दारं लावून घ्या. चांगुणाचा नवरा सूर्यभान लष्कराच्या गोदामात कामाला होता. तो सकाळीच गेलेला, तो तिकडंच अडकला. एका खोलीत उरले बाप आणि लेक.

दुपारी गहिनीनाथांनी अर्धी भाकरी खाल्ली. नळ दहा पावलांवर होता, पण दाराबाहेर पोलीस उभा होता. चांगुणानं पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. संध्याकाळी कोरडा घास त्यांच्या घशात अडकला, तेव्हा ती चुलीकडे तोंड करून बसली. तिला ते बघवेना. रात्र त्यांनी दाराला टेकून काढली.

सकाळी झडती आली. नवखा माणूस बघून हवालदारानं त्यांची पिशवी उलटी केली. उरलेली शिळी भाकरी बाहेर पडली. लेकीकडं आलेला माणूस भाकरी कशाला बाळगतो, ती कुणाला पोचवायची होती, असं त्यानं दरडावून विचारलं.

"माजीच हाय," गहिनीनाथ म्हणाले. "लेकीच्या घरचं मी खात न्हाई."

"का?"

त्यांनी चांगुणाकडे पाहिलं. सात वर्षांत हे कारण दोघांमध्ये कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

"तिला लेकरू न्हाई, सायेब."

हवालदार वरमला. त्यानं भाकरी उचलून पुन्हा फडक्यात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि पुढच्या घराकडे गेला.

चांगुणा पेटलेलीच चूल उगीच फुंकत राहिली. गल्लीतल्या बायकांकडून तिनं याहून वाईट ऐकलं होतं आणि ते कानाआड केलं होतं. पण हे आबांच्या तोंडचं होतं. ते छातीत कुठं ठेवावं, तिला कळेना.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"चुकलो मी, बाई."

"खरं तेच सांगितलंत, आबा."

"व्हय. पर सात वर्सं मी तुज्या दारात येतो आन् हेच सांगून जातो. तोंडानं आज बोललो, एवढंच." ते थांबले. "पानी दे मला."

तिनं माठातलं ताजं पाणी भरून दिलं. ते घटाघटा प्याले. निम्मं मिशांवरून सदऱ्यावर सांडलं. तिनं परात पुढं ओढली. गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. ते चुलीजवळ येऊन बसले, दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले की पिठलं आईपेक्षा पातळ करतेस. चांगुणाला हसू आलं आणि त्याबरोबरच रडूही.

अख्खा दिवस पुढं होता आणि जायला जागा नव्हती. दोघं बोलत राहिली. आईचा गुडघा धरलाय, पांढरा बैल गेला, हे त्यांनी सांगितलं. श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंकडं आपण दोनदा जाऊन आलो, असं तिनं सांगितलं. तिथं सूर्यभान बायकांच्या रांगेत तिची पिशवी धरून दिवसभर उभा होता. गहिनीनाथांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तीनच्या गाडीकडं डोळा ठेवून बसणाऱ्या माणसाला ती सांगणार तरी कधी?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कैदी गावाबाहेरच्या ज्वारीत सापडला. बंदी उठल्याचं सांगत जीप फिरली आणि बायका हंडे घेऊन नळाकडे धावल्या. थोड्या वेळानं सूर्यभान आला, दाढी वाढलेला, डोळे तारवटलेले. सासऱ्यांना चुलीपाशी बसलेलं बघून तो उंबऱ्यातच थबकला. मग आत येऊन त्यांच्या पाया पडला.

गाडीची वेळ झाली, अशी चांगुणानं आठवण करून दिली.

"उद्या जाईन," गहिनीनाथ म्हणाले. "जावई दोन दिसांनी घरी आलेत. त्यांच्यासंगं जेवतो."

चांगुणाला पुढंही मूल झालं नाही. पण चैत्रात गहिनीनाथ आले ते तिच्या आईला घेऊन. गुडघा दुखत होता, तरी आई म्हणाली, चार दिवस राहीन म्हणते.