छातीतली दुसरी

"कोणीतरी आडवं व्हा ना. दाखवायला एक छाती तर लागणारच," नवं मशीन बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला.

एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत तो, हृदयविभागातल्या डॉक्टरीणबाई आणि एकोताई एवढेच होते. एकोताईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. अठ्ठावीस वर्षं या काळोख्या खोलीत बसून त्यांनी लोकांच्या छातीवर प्रोब फिरवला होता, झडपा तपासल्या होत्या, कप्पे मोजले होते. स्वतःच्या छातीला मात्र तो कधी लावू दिला नव्हता. कोणी आग्रह केलाच तर म्हणायच्या, "न्हावी स्वतःची हजामत करतो का?" आणि विषय संपवायच्या.

"आज सुटका नाही, ताई," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या.

इंजिनिअरला पडद्याबाहेर पाठवून एकोताई डाव्या कुशीवर झाल्या. जेली गार होती. स्क्रीनवर त्यांचं हृदय उमटलं. डॉक्टरीणबाईंचा प्रोब धरलेला हात एका जागी थबकला.

फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत लाल रंगाची एक बारीक धार आत शिरत होती. तिथे तिचं काहीच काम नव्हतं.

"हे कुठून येतंय?" डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

"आवाज लावा," एकोताई म्हणाल्या.

स्पीकरमधून घुमणारा आवाज आला. दोन ठोक्यांच्या मध्येही तो पुरता थांबत नव्हता. कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. हा आवाज एकोताईंना लहानपणापासून पाठ होता, रात्री उशीला कान लावला की आतून ऐकू यायचा.

त्या जुळ्यातल्या. दुसरी तीन महिन्यांची होऊन गेली. सकाळी आई जागी झाली तेव्हा बाळ तिच्या कुशीतच गार पडलेलं होतं. आजी सगळ्यांदेखत म्हणाली, "झोपेत अंगाखाली घेतलीस गं पोरीला." आईने ते खरं धरलं. ती झोपलेली होती. तिला काय ठाऊक?

पुढे रोज अंघोळ घालताना आई उरलेल्या मुलीच्या ओल्या छातीला कान लावायची, डोळे मिटून ऐकायची आणि समाधानाने म्हणायची, "आहे हो. इथेच येऊन बसलीय." प्रत्येकाच्या छातीत दोघं असतात, एक ठोके देणारं आणि एक गुणगुणणारं, असंच मुलीला वाटे. हे काम शिकताना तिने शेकडो छात्या ऐकल्या. दुसरं कोणी कुठेच भेटलं नाही. त्या दिवसापासून तिने आपली छाती तपासून घेणं टाळलं. नोकरीला लागताना एका डॉक्टरने 'थोडा आवाज आहे, असतो पुष्कळांना' म्हटलं होतं. तेवढ्यावर तिने भागवलं. तिला रोगाची भीती नव्हती. आत खरंच कोणी दिसलं तर काय करायचं, याची होती.

स्कॅन झाला. सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाला रक्त देणारी डावी धमनी जिथून निघायला हवी तिथून निघालीच नव्हती. ती फुप्फुसाच्या नळीला चिकटलेली होती. उजवी धमनी बोटाएवढी फुगून दोन्ही बाजू सांभाळत होती, आणि तिने पाठवलेलं रक्त डावीतून उलटं वाहून गळत होतं. त्रेपन्न वर्षं.

"हे असणारी बहुतेक बाळं वर्षाच्या आत जातात," सर्जन म्हणाला. "तुम्ही जगलात कशा, याचं मला नवल वाटतंय. पण आता थांबू नका. हे हृदय चालता चालता बंद पडेल."

"माझ्या जुळ्या बहिणीला हेच असेल का?" एकोताईंनी विचारलं. "आजी सांगायची, दूध पिताना घामाने भिजायची म्हणे. चार घोट घेतले की सोडून रडायची."

"लक्षणं तीच आहेत. पण एकीला असतं आणि दुसरीला नसतं, असंही होतं. आज कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही."

घरी आईला ऑपरेशनचं सांगितलं. ऐंशीच्या घरातली आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"आवाज बंद होईल?"

"होईल, आई."

"म्हणजे तिला घालवणार तुम्ही," आई शांतपणे म्हणाली. मग दोन दिवस ती लेकीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपणच लेकीची दवाखान्याची पिशवी भरून दारात ठेवली. "जा. तू तरी राहा," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन सहा तास चाललं. धमनी सोडवून तिच्या जागी आणून जोडली. एकोताई शुद्धीवर आल्या तेव्हा छातीवर धोंडा ठेवल्यासारखं दुखत होतं. पण त्यांना जाणवली ती शांतता. ठोका, मग काही नाही, मग ठोका. शेजारच्या खोलीतलं माणूस न सांगता उठून गेल्यासारखं. त्यांनी श्वास रोखून पुन्हा पुन्हा ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं. नर्सने विचारलं, "दुखतंय का?" त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

पाचव्या दिवशी दुपारी आई आली. पट्ट्यांमुळे कान टेकवता येईना, म्हणून तशीच जवळ वाकून राहिली, बराच वेळ. मग सरळ झाली.

"गेली," ती म्हणाली. खुर्चीत बसली ती एकदम म्हातारी होऊन.

एकोताईंनी तिचा हात धरला. "आई, ऐक. तिच्या हृदयाची नळीही माझ्यासारखीच चुकीच्या जागी होती. म्हणून तिला घाम यायचा. म्हणून ती गेली. तू तिला दाबलं नाहीस."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"हो."

"नक्की?"

अठ्ठावीस वर्षांत एकोताईंनी डोळ्यांनी न पाहिलेली एक ओळसुद्धा रिपोर्टात लिहिली नव्हती.

"नक्की," त्या म्हणाल्या.

आईने पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. बाहेर कोणीतरी स्ट्रेचरची चाकं करकरत नेत होतं. तो आवाज दूर गेल्यावर आई बोलू लागली. इतक्या वर्षांत जिच्याविषयी 'आहे' यापलीकडे शब्द निघाला नव्हता, तिच्याविषयी.

"तुझ्यापेक्षा केस दाट होते तिचे. आणि हसायची फार. तू रडकी होतीस गं, ती नव्हती. अंगठा नाही, मधलं बोट चोखायची. कुठून शिकली कोण जाणे."

"केवढी होती गं?"

आईने आपला वाळका हात चादरीवर पालथा ठेवला. दुसऱ्या हाताच्या बोटाने कोपराशी खूण केली, मग जरा विचार करून बोट थोडं वर सरकवलं.

"एवढी," ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.